पाजलेला रंग

फुलवाल्याने आयुष्यात एकदाच माफी मागायचं ठरवलं, आणि तीही चुकीच्या बादलीत बुडवली.

चूक कुणाची म्हणाल, तर सर्वस्वी त्याचीच. दुकानात भिंतीला लागून काळ्या प्लास्टिकच्या बादल्यांची रांग होती. काळ्या बादलीचा गुण असा, की आत काय आहे ते वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि फुलवाल्याचा अवगुण असा, की वाकणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. रांगेतल्या शेवटच्या बादलीत साधं पाणी नसायचं, पिवळा रंग कालवलेलं पाणी असायचं. पिवळे गुलाब कमी पडले की पांढरे आणायचे, दांड्या तिरक्या कापायच्या आणि त्या बादलीत उभे करून ठेवायचे. फूल पाणी पितं, पाण्याबरोबर रंगही पितं, आणि काही तासांत पांढऱ्याचं पिवळं होतं. गिऱ्हाईक खूश, फुलवाला खूश. फुलाला कोण विचारतो! या उद्योगाला तो ‘रंग पाजणं’ म्हणायचा, तेही हळू आवाजात.

त्या दिवशी सकाळी त्याने बाजारातून आलेल्या गठ्ठ्यातले सगळ्यात टपोरे पांढरे गुलाब निवडून बाजूला काढले. ते विकायचे नव्हते, त्याच्या थोरल्या बहिणीला, ताईला द्यायचे होते. पानं काढली, दांड्या कापल्या, आणि तेवढ्यात एक बाई पायरीवर उभ्या राहिल्या.

“अहो, शेजारणीला द्यायचंय. कुठला रंग नेऊ?”

हा प्रश्न म्हणजे फुलवाल्याचा जीव की प्राण. त्याने तोंड बाईंकडे केलं, हात मागे नेला आणि हाताला लागेल त्या बादलीत गुलाब उभे केले. शेजारीण कशी आहे, भांडण झालंय का, झालंय तर कोण जिंकलं, अशी सगळी चौकशी झाली. इकडे हा बोलत होता आणि मागे फुलं पीत होती. बाई गेल्यावर त्याने गुलाब उचलले तेव्हा ते दुधासारखे पांढरे होते. दांडीत शिरलेला रंग पाकळीपर्यंत पोचायला वेळ लागतो, हे त्या रस्त्यावर त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. दांड्यांना ओला कापूस, वर पारदर्शक कागद, कागदावर रिबीन असा जामानिमा करून त्याने गुच्छ बायकोच्या हातात दिला.

“हे ताईकडे देऊन ये.”

बायकोने आधी गुच्छाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. “मी?”

“मग कोण? दुकान उघडं टाकून मी जाऊ?”

“जा की. दुकान काही पळून जात नाही. माणसं जातात.”

“अगं, पांढरे आहेत ते. पाटीवर लिहिलंय ना, पांढरा म्हणजे चुकलं माझं. ताईला कळेल. वेगळं बोलायला नको काही.”

“म्हणजे चुकलात तुम्ही, बसने जाणार मी, आणि बोलणार गुलाब. बरी वाटणी आहे!”

तरी ती गेली. जाताना गुच्छ छातीशी धरताना तिला थोडं अवघडल्यासारखं झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कागदात गुंडाळलेलं फूल तिच्या हातात पहिल्यांदाच येत होतं. घरी यायची ती दुकान बंद होताना उरलेली, माना टाकलेली फुलं. फुलवाला ती ओट्यावर ठेवून म्हणायचा, “घे, तुला.” त्यावर ती शेजारणींना सांगायची, “आमच्याकडे अर्थ शिळा होऊनच येतो.”

ही घाई आताच का, तर ताई निघाली होती. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. त्याची नजर आता बारीक कामाला चालेना, म्हणून दोघं घर बंद करून दूर मुलाकडे कायमची राहायला चालली होती. परवा सकाळी निघणार, ही बातमीसुद्धा फुलवाल्याला बायकोकडून कळली, आणि बायकोला भाजी घेताना. बहीणभावाचं बोलणं कितीतरी वर्षं बंद होतं. जाण्याआधी ताईने एकदा, एकदाच दुकानाची पायरी चढावी, एवढंच फुलवाल्याला हवं होतं. तिने चढायची अट काय घातली होती, तेही त्याला पक्कं ठाऊक होतं. पण अट पुरी करण्यापेक्षा गुच्छ बांधणं सोपं.

आता ती पाटी.

दुकान मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर. एका अंगाला लग्न नोंदवायची कचेरी, दुसऱ्या अंगाला कोर्ट. म्हणजे माणूस जन्मो, मरो, लग्न करो की मोडो, पायरी फुलवाल्याचीच. आणि पायरीवर पाय ठेवला की बरोबर डोळ्यांसमोर एक लाकडी पाटी. लाल: तू हवीस, तू हवास. गुलाबी: उपकार लक्षात आहेत. कळी: मी थांबेन. पांढरा: चुकलं माझं. आणि शेवटी, जरा वेगळ्या, आखूड मानेच्या अक्षरात, पिवळा: मैत्री.

ही पाटी म्हणजे त्या रस्त्याचा कायदाच होऊन बसली होती. एका गृहस्थाने निवृत्तीच्या दिवशी लाल गुलाब घरी नेला, तर बायकोने हातात घेण्याआधी विचारलं, “काय करून आलात?” एका वकिलाने एकाच अशिलाला खटल्याआधी गुलाबी दिला आणि निकालानंतर पांढरा. दवाखान्यात पाय मोडून पडलेल्या एकाला ऑफिसातून पांढऱ्या गुलाबांचा गुच्छ आला, तर तो दिवसभर उशीला टेकून विचार करत बसला, की साहेब माझी माफी कशाबद्दल मागताहेत? बदली तर केली नाही ना? आणि केली होती.

शेजारचा झेरॉक्सवाला म्हणायचा, “अरे, तू पाटीवर ‘कोबी म्हणजे आदर’ असं लिही. उद्यापासून लोक साहेबांना कोबी नेऊन देतील.”

सगळ्यात जास्त खपायचा तो पिवळा. त्याचं कारण साधं. लाल द्यायचं धाडस नाही आणि रिकाम्या हाताने जायची लाज वाटते, अशा लोकांची संख्या जगात सगळ्यात मोठी. मैत्री म्हटलं की कुणी रागावत नाही, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, घरी बोंब होत नाही. पिवळा इतका खपायचा की शेवटी पांढऱ्यांना रंग पाजायची पाळी आली.

पाटीवरचं शहाणपण कुणाचं, असं कुणी विचारलं की फुलवाला मान खाली घालून हसायचा. ते हसणंही बेतलेलं. ऐकणाऱ्याने ‘याचंच’ असं समजावं आणि उद्या अंगाशी आलं तर ‘मी कुठे तसं म्हटलं’ म्हणता यावं.

पाटी ताईची होती.

दुकान त्यांच्या वडिलांचं. आई गेली तेव्हा फुलवाला इतका लहान होता, की त्याला आईचा चेहरा म्हणून ताईचाच आठवायचा. ताईची शाळा त्याच वर्षी सुटली. जुन्या बुटाची जीभ कापून तिने चामड्याचा तुकडा केला होता. तो मुठीत धरायचा, त्यातून गुलाबाची दांडी सरकन ओढायची, की काटे खाली. तरी एखादा चुकार काटा रोज बोटात शिरायचाच. वडील बाजारहाट बघायचे, ती दुकान बघायची, आणि धाकटा भाऊ उपड्या बादलीवर बसून पाढे म्हणायचा. गिऱ्हाइकं विचारायची, “कुठला देऊ गं?” ती उत्तर द्यायची. जे तोंडाला येईल ते नाही. विचार करून द्यायची. सतरा जणांना तेच तेच सांगून तिचा घसा बसायला लागला, तेव्हा वडील म्हणाले, “एकदाचं लिहून टाक बाई.” तिने लिहिलं. लाल, गुलाबी, कळी, पांढरा. पिवळ्यापुढे मात्र बरेच दिवस काहीच नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, “पिवळ्याचं अजून ठरायचंय.”

ते ठरलं एका बँकेतल्या कारकुनामुळे. हा माणूस रोज संध्याकाळी यायचा आणि एकच कळी न्यायचा. आधी म्हणायचा टेबलावर ठेवायला. मग म्हणेनासा झाला. नुसताच न्यायचा आणि पाटीवरच्या ‘मी थांबेन’कडे बघायचा. चांगला थांबला तो. मग त्याची बदली झाली आणि त्याने ताईला सरळ विचारलं, “येतेस?” वडील खोकत होते, भाऊ शाळेत होता, पोळ्या करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. ताईने एक रात्र घेतली. दुसऱ्या दिवशी कारकून यायच्या आधी तिने पाटी खाली उतरवली आणि पिवळ्यापुढे लिहिलं: पुरे आता. तो आला तेव्हा तिने एक पिवळा गुलाब, काटे काढून, त्याच्या हातात दिला. त्याने पाटी वाचली, छत्री मिटली आणि पावसातच निघून गेला. उपड्या बादलीवरचा भाऊ सातच्या पाढ्यावर अडखळला. ताई म्हणाली, “म्हण की पुढे. सात साता?”

ती ओळ तिला एवढ्याला पडली होती. बाकीच्या ओळी तिला सुचल्या होत्या, हिची तिने किंमत भरली.

पुढे वडील गेले, दुकान भावाच्या नावावर झालं. ते तसंच व्हायचं असतं असं सगळ्यांनी धरलं, ताईनेही. तिचं लग्न उशिराच झालं, घड्याळजीशी, पण दुपारची ती दुकानात यायची, चामडं मुठीत घ्यायची, काटे काढायची. नव्या भावजयीने एकदा विचारलंही, “वन्सं, तुमच्या घरचं काम कोण करतं?” तर म्हणाली, “हेही घरचंच आहे.”

मग तो पिवळ्याचा ढीग आला. व्यापाऱ्याने कुणाची तरी मोडलेली ऑर्डर फुलवाल्याच्या गळ्यात मारली. दुकानभर पिवळं. आणि घेणार कोण? ‘पुरे आता’ वाचून माणूस आल्या पावली मागे. ताई त्या दिवशी तापाने घरी होती. फुलवाल्याने दुपारपर्यंत वाट बघितली, मग सुरीने ती ओळ खरवडली आणि तिथे मैत्री लिहिली. संध्याकाळपर्यंत ढीग संपला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण व्यापारी असल्यासारखं वाटलं.

ताप उतरल्यावर ताई आली, पायरीवरच थांबली. पाटी वाचली.

“हे कुणी केलं?”

“अगं, माल सडत होता,” तो म्हणाला. “एक ओळ तर होती!”

“हो,” ताई म्हणाली. “एकच होती.” तिने पिशवीतून चामड्याचा तुकडा काढला, पायरीवर ठेवला. “ओळ परत लिहिशील त्या दिवशी वर येईन.”

फुलवाल्याला वाटलं, येईल दोन दिवसांत. तो चामड्याचा तुकडा त्याने उचलला आणि तेव्हापासून तोच वापरत होता.

तर बायको दुपार कलताना परतली. चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, “पोचवले. पिवळे गुलाब बघून हसल्या वन्सं.”

“पिवळे? पांढरे दिले होते मी!”

“दिले तेव्हा पांढरेच होते. बसमध्ये बघते तर कडा पिवळ्या. उतरले तेव्हा निम्मे. त्यांच्या दारात पोचेपर्यंत चांगले हळदीसारखे. मला वाटलं तुमच्या फुलांची असलीच काही तऱ्हा असेल.”

“मग दिलेस कशाला?”

“का? मैत्री म्हणजे वाईट का? तुम्हीच लिहिलंय. म्हटलं, भाऊबहीण मैत्रीने राहिले तर आभाळ कोसळणार आहे थोडंच.”

फुलवाला उठून शेवटच्या बादलीपाशी गेला आणि वाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट वाकला असेल. मग तिथेच, बादलीच्या कडेला धरून उभा राहिला.

“काय म्हणाली ती?”

“काही नाही. म्हणाल्या, त्याला सांग पोचलं.”

आणि मग त्याने बायकोला पिवळ्याचा पहिला अर्थ सांगितला. कारकून, छत्री, सातचा पाढा, सगळं. बायको ऐकत राहिली. हे घर तिने इतकी वर्षं चालवलं होतं, पण त्याचा पाया कशावर आहे हे तिला आज कळत होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, “आणि तुम्ही तिथेच बसला होतात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः गेला. हातात काही नव्हतं.

ताईचं घर निम्मं खोक्यांत गेलेलं. भिंतीवर खुर्च्यांच्या पाठींचे डाग तेवढे उरले होते. घड्याळजी एकेक घड्याळ वर्तमानपत्रात गुंडाळत होता आणि प्रत्येकात वेगळी वेळ झाली होती. खिडकीत एका पेल्यात ते गुलाब, आता पुरते पिवळे.

“ये,” ताई म्हणाली, जसं काही काल संध्याकाळीच भेटली होती. “खुर्च्या बांधल्या. त्या डब्यावर बस. उपडी बादली असती तर तुला सवयीची झाली असती.”

तो बसला. “ताई, ते पिवळे नव्हते.”

“माहीत आहे.” तिने पेल्यातून एक गुलाब उपसला आणि नखाने दांडी उभी चिरली. आत बारीक पिवळी रेघ. “जन्माचा पिवळा असता तर आतून हिरवा असता. लहानपणी शाईच्या पाण्यात फूल ठेवून रंग पाजायला तुला कुणी शिकवलं रे? मीच ना?”

“मग तुला कळलं तर! मी पांढरे पाठवले होते.”

“कळलं. पाठवलेस.”

तिने आवाज चढवला नाही. पण ‘पाठवलेस’ हा शब्द त्या रिकाम्या खोलीत बराच वेळ राहिला.

“बादली चुकली, ताई.”

“अहो, ऐकलंत का?” ताई नवऱ्याकडे वळली. “इतक्या वर्षांत आमच्या भावाची एक चूक झाली, आणि तीही बादलीची.”

घड्याळजीने मान वर केली नाही. “मी मध्ये पडत नाही. बंद पडलेलं चालू करणं माझं काम, पण ते फक्त घड्याळांपुरतं.”

फुलवाल्याला हसू आलं नाही. “मी काय करू सांग. दुकानात ये एकदा. चहा घे. तुझी खुर्ची आहे अजून.”

“खुर्ची आहे. ओळ?”

“ताई, पिवळ्यावर दुकान चालतं माझं.”

“मग चालू दे ना! मी काय दुकान मागितलं? त्या वेळी मागितलं नाही, आता काय मागणार? मैत्री पुसू नकोस. राहू दे. तिच्याखाली बोटभर जागा आहे बघ, मीच सोडली होती, पुढे कधी काही सुचलं तर म्हणून. तिथे लिही. चार अक्षरं. लोकांना तोंडाने काय सांगायचं ते सांग.”

“लोक विचारतील, हे काय.”

“सांग, आमच्या ताईचं आहे.” ती गुलाब परत पेल्यात ठेवत म्हणाली. “एवढंही जमत नसेल तर मग काय… तू तिथेच होतास रे. दुसऱ्या कुणाला काय ठाऊक? तो माणूस कुठे असेल, असेल की नसेल. बाबा गेले. जे झालं ते झालं म्हणून सांगणारा एक तूच उरलास, आणि तूच खरवडलंस.”

फुलवाला डब्यावरून उठला.

“उद्या सकाळी आमची गाडी तुझ्या दारावरूनच जाईल,” ताई म्हणाली. “ओळ दिसली तर उतरेन. चहा घेईन.”

“आणि नाही दिसली तर?”

“तर गाडी कशाला थांबवायची?”

परत येताना त्याने पांढऱ्या रंगाचा लहान डबा आणि बारीक ब्रश घेतला. उरलेला दिवस गिऱ्हाइकांत गेला. निदान त्याने बायकोला तसं सांगितलं. झेरॉक्सवाल्याने मात्र त्याला दोनदा डबा हातात घेऊन पाटीसमोर उभं राहिलेलं आणि दोनदा परत फळीवर ठेवताना बघितलं. “काय रे, मुहूर्त लागत नाही का?” असंही त्याने विचारलं होतं.

गाडीच्या दिवशी बायको त्याच्याबरोबरच दुकानात आली. तिने थर्मासमध्ये चहा आणला होता आणि तीन कप. मागे पडलेली ताईची खुर्ची बाहेर काढून पुसली, एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली. मग पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली. फुलवाल्याने स्टूल लावलं, डबा उघडला, ब्रश बुडवला. मैत्रीच्या खाली खरंच बोटभर जागा होती. इतकी वर्षं पाटीखालून जा-ये केली, पण ती त्याला कधी दिसली नव्हती. त्याने ब्रश टेकवला. म्हणजे टेकवणारच होता.

“काका, नवा अर्थ आला की काय?”

खाली एक तरुण उभा होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कपाळावर घाम. “सांगा बुवा आधीच. मला आज सगळ्या ऑफिसला पिवळे वाटायचेत. आहेत तेवढे सगळे द्या. मैत्रीच ना? खाली आणखी काही लिहिताय का?”

फुलवाल्याने त्याच्याकडे बघितलं, मग ब्रशच्या टोकाकडे. ब्रशवर रंगाचा थेंब जमत होता, पडू की नको करत. त्या क्षणी तो म्हणू शकला असता, आमच्या ताईचं आहे. तीन शब्द, तेही तिनेच शिकवलेले. पण जन्मभर गिऱ्हाइकाला आवडेल ते बोलत आलेली जीभ आयत्या वेळी ताईचं कुठून ऐकणार?

“छे छे,” तो म्हणाला. “नवं काही नाही. अक्षरं जरा फिकी पडली होती. उजळ करतोय.”

आणि एकदा म्हटल्यावर करणं आलं. त्याने ब्रश वर नेला आणि ‘मैत्री’ गिरवायला घेतली. मवर एक मात्रा, मग दुसरी. तरुण खाली उभा राहून कौतुकाने बघत होता. मागे रस्त्यावर एक गाडी हळू झाली. फुलवाल्याला ती ऐकू आली. वळून बघावं असं त्याच्या मानेला वाटलं, पण मान वळली नाही. तो वेलांटी काढत राहिला, अगदी मन लावून, शाळेत काढायचा तशी.

गाडी जितकी हळू झाली होती तितकीच हळू पुढे गेली, मग नेहमीसारखी.

बायको पायरीवरून उठली नाही. तरुण पिवळे गुलाब कवेत घेऊन गेला, मग ती म्हणाली, “काच खाली केली होती त्यांनी. वाचलं.”

“काही म्हणाली?”

“गाडीतून काय म्हणणार? तुमच्या हातात ब्रश बघून पुढे सरकल्या होत्या जरा, दाराकडे. मग मागे टेकल्या.” तिने थर्मास उघडला, स्वतःपुरता एक कप ओतला आणि प्यायली. उरलेले दोन कप पिशवीत टाकताना म्हणाली, “अक्षर मात्र सुबक आलंय.”

बायको घरी गेल्यावर त्याने खुर्ची परत मागे नेऊन ठेवली. त्या रात्री, नेहमीसारखीच, उरलेली फुलं, दुपारी रंग पाजलेल्यांसकट, तो घरी घेऊन गेला आणि ओट्यावर ठेवून म्हणाला, “घे, तुला.” बायकोने त्यातली पिवळी तेवढी निवडून काढली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली. अर्थ विचारायची सोय उरली नव्हती.

रंगाचा डबा अजून फळीवर आहे. झाकण नीट लावलेलं नव्हतं, त्यामुळे आतला रंग थरावर थर धरून घट्ट झालाय. “बदलून आण,” असं झेरॉक्सवाला अधूनमधून म्हणतो, आणि फुलवाला म्हणतो, “आणायचाय. चारच तर अक्षरं आहेत.” मैत्री मात्र पाटीवर सगळ्यात उठून दिसते, आणि तिच्याखाली बोटभर जागा. गिऱ्हाईक कधीकधी नेमकं तिथेच बोट टेकवतं आणि विचारतं, “काका, पिवळा म्हणजे मैत्रीच ना?”

“मैत्रीच,” फुलवाला म्हणतो, आणि शेवटच्या बादलीकडे वळतो.